युरोव्हिजन गीतस्पर्धा

युरोव्हिजन गीतस्पर्धा : युरोपीय प्रक्षेपण संघाच्या सदस्य संस्थांमध्ये १९५६ पासून दरवर्षी होणारी आणि दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित केली जाणारी आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा. करोना साथीमुळे रद्द झालेले २०२० हे वर्ष सोडले, तर तिच्यात खंड पडलेला नाही. व्यवहारात स्पर्धा देशादेशांत होते असे म्हटले जाते. नियमांनुसार मात्र स्पर्धक असते ती त्या देशाची प्रक्षेपण संस्था. सरकारचा तिच्याशी औपचारिक संबंध नसतो. हा भेद कागदी वाटला, तरी स्पर्धेतील बहुतेक मोठे वाद त्याच्याभोवतीच फिरलेले आहेत. आजवर ५२ देशांनी किमान एकदा भाग घेतला असून आयर्लंड व स्वीडन यांनी प्रत्येकी सात वेळा विजेतेपद मिळवले आहे. विजेत्या देशाने पुढील वर्षी यजमानपद स्वीकारावे, असा १९५८ पासूनचा प्रघात आहे; खर्चाच्या किंवा सुरक्षिततेच्या कारणाने तो काही वेळा मोडला गेला.

पूर्वपीठिका : युरोपीय प्रक्षेपण संघ फेब्रुवारी १९५० मध्ये इंग्लंडमधील टॉर्की येथे स्थापन झाला. त्याचे प्रशासकीय केंद्र जिनीव्हा येथे, तर तांत्रिक केंद्र ब्रुसेल्स येथे होते. ‘युरोव्हिजन’ हे नाव स्पर्धेपेक्षा जुने आहे. जॉर्ज कँपी या ब्रिटिश पत्रकाराने ते १९५१ मध्ये लंडनच्या एका सायंदैनिकात प्रथम वापरले, असे सामान्यतः मानतात. संघाने पुढे ते आपल्या कार्यक्रम-विनिमयाच्या जाळ्यासाठी स्वीकारले. बातम्या, क्रीडासामने आणि राजकीय सोहळ्यांची दृश्ये याच जाळ्यातून देशोदेशी जातात. गीतस्पर्धा हा त्यावरील अनेक कार्यक्रमांपैकी एक आहे.

हे जाळे उभारणे तांत्रिक दृष्ट्या सोपे नव्हते. ब्रिटनचे दूरचित्रवाणीवरील चित्र ४०५ आडव्या रेषांचे, फ्रान्सचे ८१९ रेषांचे, तर इतर बहुतेक देशांचे ६२५ रेषांचे होते. त्यामुळे एका देशाचे चित्र दुसऱ्या देशात दाखवायचे, तर सीमेवर त्याचे रूपांतर करावे लागे. त्या काळातील रूपांतरक म्हणजे मुळात एका प्रमाणाच्या पडद्यावरील चित्र दुसऱ्या प्रमाणाच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपणारी यंत्रणा होती. चित्राची स्पष्टता त्यात घटत असे. उपग्रह नव्हते, डोंगरमाथ्यांवरील मनोऱ्यांच्या साखळीतून सूक्ष्मतरंगांद्वारे संदेश पुढे ढकलला जाई. जून १९५३ मधील राणी दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक फ्रान्स, नेदरलँड्स व पश्चिम जर्मनीत थेट दिसला. त्यानंतर ६ जून १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील नार्सिसस पुष्पोत्सवाच्या प्रक्षेपणाने आठ देशांच्या जोडणीचा प्रारंभ झाला. त्याच उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे सामने या जोडणीवरून दाखवले गेले.

मिरवणूक आणि फुटबॉल यांना भाषा आडवी येत नाही. नाटक, विनोद आणि चर्चा यांना येते. सर्व देशांत एकाच वेळी दाखवता येईल असा करमणुकीचा कार्यक्रम कोणता, हा संघाच्या कार्यक्रम समितीपुढील प्रश्न होता. गीतस्पर्धेचा जन्म या प्रश्नातून झाला. युद्धोत्तर युरोपात सलोखा घडवण्यासाठी ती सुरू झाली, असे विधान लोकप्रिय लेखनात जवळपास सर्वत्र आढळते. ते पूर्णपणे असत्य म्हणता येणार नाही. तथापि, प्रारंभीचा हेतू मुख्यतः जाळ्याची क्षमता आजमावणे आणि सदस्य संस्थांना स्वस्तात सामायिक कार्यक्रम मिळवून देणे हाच होता, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. सलोख्याचा अर्थ तिला बऱ्याच अंशी नंतर जोडला गेला असावा.

उगमासंबंधीची मते : मूळ कल्पना कोणाची, याबाबत तीन मते आढळतात. पहिल्या आणि सर्वाधिक रूढ मतानुसार स्विस प्रक्षेपण संस्थेचे प्रमुख व संघाच्या कार्यक्रम समितीचे अध्यक्ष मार्सेल बेझाँसाँ हे स्पर्धेचे जनक होत. जानेवारी १९५५ मध्ये मोनाको येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बैठकीत हा विषय पुढे आला.

दुसरे मत इटलीकडे श्रेय नेते. इटलीच्या ‘राइ’ या संस्थेतील सर्जो पुल्येझे यांनी सॅनरेमो गीतमहोत्सवाच्या धर्तीवर युरोपीय स्पर्धा घेण्याचा प्रस्ताव मांडला, असे या मताचे समर्थक दाखवून देतात. १९५१ मध्ये सुरू झालेल्या त्या महोत्सवात नवी गीते, वेगवेगळे गायक, परीक्षकांची मते आणि शेवटी विजेत्या गीताचे पुन्हा गायन ही चौकट आधीच सिद्ध होती. युरोव्हिजनची चौकट तीच आहे.

तिसरे मत तुलनेने अलीकडचे आहे. व्हेनिस येथे १९५५ मध्ये ‘राइ’च्याच पुढाकाराने अनेक देशांच्या आकाशवाणी संस्थांचा आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सव झाला होता. देशादेशांतील गीतस्पर्धेचा पहिला मान त्याला द्यावा, असे काही अभ्यासक म्हणतात. कालक्रमाने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु तो महोत्सव आकाशवाणीचा होता, आणि युरोव्हिजनचे वेगळेपण नेमके एकाच क्षणी अनेक देशांच्या पडद्यांवर दिसण्यात आहे. त्यामुळे व्हेनिसला पूर्वसूरी म्हणावे, उगम म्हणू नये.

पहिल्या दोन मतांत प्रत्यक्षात फारसा विरोध नाही. चौकट इटलीची, तर ती संघाकडून मान्य करून घेण्याचे कर्तृत्व बेझाँसाँ यांचे. १९ ऑक्टोबर १९५५ रोजी रोममधील कोर्सिनी प्रासादात भरलेल्या सर्वसाधारण सभेने प्रस्ताव मंजूर केला. एका व्यक्तीला ‘जनक’ ठरवण्यापेक्षा हा समितीचा निर्णय होता, असे म्हणणेच उपलब्ध तपशिलाशी अधिक जुळते.

पहिली स्पर्धा : २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषक भागातील लुगानो येथे कुर्साल नाट्यगृहात पहिली स्पर्धा झाली. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, लक्झेंबर्ग आणि इटली या सात देशांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली. केवळ एकल गायनाला परवानगी होती. प्रत्येक देशाचे दोन परीक्षक गुप्तपणे गुण देत आणि त्यांना स्वतःच्या देशालाही गुण देता येत. लक्झेंबर्गच्या वतीने स्विस परीक्षकांनीच गुण दिले, असे सांगितले जाते. विजयी गीत यजमान स्वित्झर्लंडचे ठरले. ते लीस आसिया यांनी गायले. गुणतक्ता प्रसिद्ध झाला नाही, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाविषयी प्रचलित असलेली सर्व विधाने निराधार समजावीत. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण बहुतांशी टिकून आहे. चलच्चित्र मात्र विजेत्या गीताच्या पुनर्गायनाचेच उरले आहे. ब्रिटनने नावनोंदणीची मुदत चुकवली म्हणून तो पहिल्या स्पर्धेत नव्हता, ही कथा अनेक संदर्भग्रंथांत आली आहे. संघानेच पुढे ती दंतकथा असल्याचे स्पष्ट केले. ब्रिटनने त्या वर्षी स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा घेतली होती.

गुणदान पद्धती : या स्पर्धेचा खरा इतिहास तिच्या गुणदानाचा इतिहास आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. गीते तीन मिनिटांत संपतात. मतमोजणी मात्र पडद्यावर दीर्घकाळ चालते, आणि प्रेक्षक तिच्यासाठी थांबतो. १९५७ मध्ये फ्रँकफुर्ट येथे ती प्रथम उघडपणे झाली. प्रत्येक देशाच्या राजधानीतून किंवा प्रक्षेपण केंद्रातून दूरध्वनीवर गुण सांगितले जात आणि मंचावरील फलकावर चढवले जात. स्वतःच्या देशाला मत देण्यावर तेव्हापासून बंदी आहे.

१९५७ ते १९६१ या काळात प्रत्येक देशाच्या दहा परीक्षकांपैकी प्रत्येक जण आपल्या पसंतीच्या एकाच गीताला एक मत देई. १९६२ मध्ये पहिल्या तीन गीतांना ३, २, १ आणि १९६३ मध्ये पहिल्या पाच गीतांना ५ ते १ असे गुण ठेवण्यात आले. इतक्या थोड्या गीतांना गुण मिळत असल्याने दोन्ही वर्षी प्रत्येकी चार देशांची पाटी कोरी राहिली. १९६३ च्या लंडनमधील स्पर्धेत नॉर्वेच्या प्रतिनिधीने गुण नियमाप्रमाणे सांगितले नाहीत, म्हणून त्याला पुन्हा विचारण्याचे ठरले. दुसऱ्या वेळी आलेले गुण वेगळे होते, आणि त्या बदलाने स्वित्झर्लंड मागे पडून डेन्मार्क जिंकला. नॉर्वेने शेजारधर्म पाळला, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. पहिल्या वेळी अपुरी मोजणी वाचली गेली, हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे आणि ते फेटाळण्यासारखा पुरावा पुढे आलेला नाही.

१९६७ मध्ये दहा परीक्षकांची जुनी पद्धत परत आणली गेली. तिचा दोष १९६९ मध्ये माद्रिद येथे उघड झाला. स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चार देशांना समान १८ गुण मिळाले. बरोबरी सोडवण्याचा नियमच नव्हता, म्हणून चौघांनाही विजेते घोषित करावे लागले. पुढील वर्षी ऑस्ट्रिया, फिनलंड, नॉर्वे, पोर्तुगाल आणि स्वीडन यांनी भाग घेतला नाही. या निकालाविषयीची नाराजी हे त्यामागील एक कारण मानले जाते. १९७१ ते १९७३ मध्ये प्रत्येक देशाचे दोन परीक्षक, एक २५ वर्षांहून लहान व एक मोठा, प्रत्येक गीताला १ ते ५ गुण देत. या पद्धतीत एखादा देश सर्वांनाच कमी गुण देऊन स्वतःचे स्थान सुरक्षित करू शकत असे.

१९७५ मध्ये स्टॉकहोम येथे अमलात आलेल्या पद्धतीने हा दोष दूर केला. प्रत्येक देश आपल्या पसंतीच्या दहा गीतांना १२, १०, ८ आणि नंतर ७ ते १ असे गुण देतो. त्यांची बेरीज नेहमी ५८ होते. हात आखडता घेण्याची सोय उरली नाही, आणि सान मारिनोसारख्या चिमुकल्या देशाच्या मताचे वजन जर्मनीच्या मताइतकेच झाले. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकांत चार गुणांचे अंतर ठेवल्याने बरोबरीची शक्यताही घटली; ती संपली नाही. १९९१ मध्ये रोम येथे स्वीडन व फ्रान्स यांचे १४६ असे समान गुण झाले. बारा गुण दोघांनाही चार-चार वेळा मिळाले होते. दहा गुण स्वीडनला पाच वेळा व फ्रान्सला दोन वेळा मिळाल्याने स्वीडन विजयी ठरला.

१९९७ मध्ये ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंड व ब्रिटन या पाच देशांत प्रेक्षकांना दूरध्वनीवरून मत देण्याची मुभा मिळाली; पुढील वर्षी ती जवळजवळ सर्वत्र लागू झाली. शेजारी देश एकमेकांना गुण देतात, ही तक्रार त्यानंतर तीव्र झाली. नॉर्डिक देश, पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील देश, ग्रीस व सायप्रस ही तिची नेहमीची उदाहरणे. या विषयावरील संशोधन स्पर्धेविषयीच्या इतर कोणत्याही अंगापेक्षा विपुल आहे. इझ्राएली समाजशास्त्रज्ञ गाड याइर यांनी १९९५ मध्येच मतांच्या जाळ्यातून देशांचे गट दाखवून दिले होते. म्हणजे प्रवृत्ती प्रेक्षकमतापूर्वीची आहे. व्हिक्टर गिन्सबर्ग व अब्दुल नूरी या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे असा निष्कर्ष काढला की, गीताचा दर्जा आणि भाषिक-सांस्कृतिक जवळीक लक्षात घेतल्यास राजकीय देवाणघेवाणीचा पुरावा फारसा उरत नाही. एकच भाषा समजणारे, एकाच बाजारातील गायक ऐकणारे आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांनी जोडलेले समाज एकमेकांच्या गीतांना पसंती देतील, यात कट शोधण्याची गरज नाही. हे मत ग्राह्य वाटते.

तरीही २००९ पासून अंतिम फेरीत व्यावसायिक परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे मत निम्मे-निम्मे धरले जाऊ लागले. २०१६ पासून दोन्ही गुण वेगवेगळे जाहीर होतात. त्याच वर्षी परीक्षकांनी ऑस्ट्रेलियाला व प्रेक्षकांनी रशियाला प्रथम स्थान दिले, आणि दोन्ही याद्यांत दुसरा असलेला युक्रेन एकूण गुणांवर जिंकला. २०२२ मध्ये उपांत्य फेरीतील मतदानात गैरप्रकाराची चिन्हे आढळल्याने सहा देशांच्या परीक्षकांचे गुण रद्द करण्यात आले. २०२३ मध्ये उपांत्य फेऱ्या केवळ प्रेक्षकमतावर सोपवल्या गेल्या आणि सहभागी नसलेल्या देशांतील प्रेक्षकांची ऑनलाइन मते मिळून एका देशाइतकी धरण्याची तरतूद झाली. २०२५ मध्ये बाझेल येथे प्रेक्षकमतात इझ्राएल पहिला आला, विजेता ऑस्ट्रिया ठरला. सरकारी जाहिरातींनी मते वाढवली जातात, अशी टीका त्यानंतर झाली. तेव्हा एका व्यक्तीच्या मतांची कमाल संख्या २० वरून १० करण्यात आली आणि उपांत्य फेऱ्यांत परीक्षक परत आणले गेले.

गीताचे नियम व भाषा : १९५७ मध्ये इटलीचे गीत पाच मिनिटांहून लांबले. त्यानंतर तीन मिनिटांची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते. मंचावर सहापेक्षा जास्त व्यक्ती नसाव्यात आणि मुख्य गायन प्रत्यक्ष असावे. जिवंत वाद्यवृंद १९९८ पर्यंत असे. त्यानंतर वाद्यसंगीत ध्वनिमुद्रितच असते. वाद्यवृंद गेल्याने प्रत्येक देशाच्या संगीतसंचालकाचे मंचावरील स्थानही संपले, ही हानी लहान नव्हे.

भाषेचे धोरण अनेकदा बदलले. प्रारंभी लिखित नियम नव्हता; आपापल्या भाषेत गावे असे गृहीत होते. १९६५ मध्ये स्वीडनचे गीत इंग्रजीत सादर झाले आणि पुढील वर्षापासून राष्ट्रीय भाषेची सक्ती आली. १९७३ ते १९७६ या काळात ती शिथिल झाली. १९७४ मध्ये ब्रायटन येथे विजयी झालेल्या स्वीडनच्या ‘आब्बा’ या गटाला या सवलतीचा लाभ झाला. १९७७ मध्ये सक्ती परतली व १९९९ मध्ये कायमची उठली. त्यानंतर इंग्रजीचे प्राबल्य वाढले. मात्र २००७ मध्ये सर्बियन, २०१७ मध्ये पोर्तुगीज, २०२१ मध्ये इटालियन आणि २०२२ मध्ये युक्रेनियन गीत जिंकले. बेल्जियमने २००३ मध्ये पूर्णतः काल्पनिक भाषेतील गीत पाठवले. ते विजेत्या तुर्कस्तानपेक्षा अवघ्या दोन गुणांनी मागे राहिले. गीताचा अर्थ कळल्यावाचूनही ते मनाला भिडते, या स्पर्धेच्या मूळ गृहीतकाची यापेक्षा चांगली कसोटी सापडणार नाही.

भौगोलिक व्याप्ती : युरोपाबाहेरील देश का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. संघाचे सदस्यत्व राजकीय युरोपावर नव्हे, तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने आखलेल्या ‘युरोपीय प्रक्षेपण क्षेत्रा’वर आधारलेले आहे. त्याची पूर्व सीमा साधारणपणे ४०° पूर्व रेखावृत्त, तर दक्षिण सीमा ३०° उत्तर अक्षवृत्त. उत्तर आफ्रिकेचा किनारा व पश्चिम आशियाचा बराचसा भाग त्यात येतो. इझ्राएल १९७३ पासून भाग घेतो. मोरोक्को १९८० मध्ये एकदाच आला. आर्मेनिया, अझरबैजान आणि जॉर्जिया यांचा समावेश व्हावा, म्हणून ही सीमा पुढे वाढवण्यात आली. ऑस्ट्रेलिया मात्र या क्षेत्रात कोठेच बसत नाही. तो २०१५ पासून निमंत्रित आहे. सोव्हिएट संघ व युगोस्लाव्हिया यांच्या विघटनानंतर देश इतके वाढले, की २००४ मध्ये एक व २००८ पासून दोन उपांत्य फेऱ्या ठेवाव्या लागल्या. अधिक आर्थिक भार उचलणारे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, स्पेन आणि इटली हे देश, तसेच यजमान, थेट अंतिम फेरीत जातात.

राजकारण : नियमांनी राजकीय आशयाला मज्जाव केला आहे, परंतु तो पाळला जाणे अवघड ठरले. १९६४ मध्ये कोपनहेगन येथे एक निदर्शक स्पेनचा हुकूमशहा फ्रँको व पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यांच्यावर बहिष्काराची मागणी करणारा फलक घेऊन मंचावर चढला. १९६८ मध्ये स्पेनच्या विजयासाठी फ्रँकोच्या राजवटीने मते विकत घेतली, हा आरोप चाळीस वर्षांनी झाला; तो ज्याच्या विधानावर उभा होता, त्यानेच पुढे हात झटकले. याउलट १९७४ ची पोर्तुगालची घटना पूर्णपणे सिद्ध आहे. त्या वर्षी तळाशी राहिलेले पोर्तुगीज गीत २४ एप्रिलच्या रात्री लिस्बनमधील आकाशवाणीवर लागले, आणि तो लष्करातील बंडखोर अधिकाऱ्यांसाठी तयारीचा संकेत होता. दुसऱ्या दिवशी तेथील हुकूमशाही कोसळली. लेबाननने २००५ मध्ये माघार घेतली, कारण इझ्राएलचे गीत प्रक्षेपित करण्याची हमी तेथील संस्था देऊ शकली नाही. रशियाचे तत्कालीन पंतप्रधान पुतिन यांच्या नावावर श्लेष करणारे जॉर्जियाचे २००९ मधील गीत नाकारण्यात आले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाला वगळण्यात आले. त्या वर्षी तुरिन येथे युक्रेनला प्रेक्षकांचे ४३९ गुण मिळाले. पुढची स्पर्धा युद्धामुळे त्याच्या वतीने लिव्हरपूल येथे भरवण्यात आली. गाझातील युद्धानंतर इझ्राएलबाबत तोच निकष का नाही, हा प्रश्न उभा राहिला. डिसेंबर २०२५ मधील सर्वसाधारण सभेने इझ्राएलचा मार्ग मोकळा ठेवल्यावर स्पेन, नेदरलँड्स, आयर्लंड, स्लोव्हेनिया व आइसलँड येथील संस्थांनी २०२६ च्या व्हिएन्ना येथील स्पर्धेत न उतरण्याचे जाहीर केले. प्रक्षेपण संस्था आणि सरकार हे वेगळे, हे संघाचे जुने उत्तर याआधी इतके ताणले गेले नव्हते.

तत्सम स्पर्धा : पूर्व युरोपातील देशांनी ‘इंटरव्हिजन’ ही स्पर्धा १९६५ ते १९६८ या काळात चेकोस्लोव्हाकियात व १९७७ ते १९८० मध्ये पोलंडमधील सोपोत येथे भरवली. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषक देशांची ‘ओटीआय’ स्पर्धा १९७२ ते २००० पर्यंत चालली. बालगायकांसाठीची युरोव्हिजन स्पर्धा २००३ मध्ये कोपनहेगन येथे सुरू झाली. रशियाने सप्टेंबर २०२५ मध्ये मॉस्को येथे ‘इंटरव्हिजन’चे पुनरुज्जीवन केले. भारतासह वीसहून अधिक देशांचे गायक तेथे आले आणि व्हिएटनाम विजयी झाला. तेथील निकाल केवळ आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळाने दिला. प्रेक्षकांना मत नव्हते.